चार्ज दिल्याशिवाय विसावा नाही

माझ्या वर्गात नवीन आलेल्या माणसाला मी चटईवर आडवं व्हायला सांगते आणि पहिला प्रश्न विचारते, "वरचे दात खालच्या दातांना टेकलेत का?" बहुतेकांचे टेकलेले असतात, काहींचे तर घट्ट आवळलेले. मग आम्ही दोघं मिळून बाकीचं शरीर तपासतो. खांदे कानांकडे चढलेले असतात, पोट आत ओढलेलं असतं, अंगठा मुठीत दाबलेला असतो, कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये उभी आठी असते. माणूस आडवा झालेला असतो, पण त्याचे स्नायू अजून उभेच असतात.

"सिस्टर, झोपायला येतं की मला. त्यात शिकायचं काय?" रिक्षा चालवणाऱ्या एका काकांनी मला असं सरळ विचारलं होतं. मी त्यांचा हात कोपरापासून उचलला आणि सोडला. हात खाली पडलाच नाही, हवेत तसाच राहिला. काकांना वाटत होतं की तो त्यांनी सैल सोडलाय. स्वतःच्या हातातला ताण स्वतःलाच कळत नाही, हे त्यांना त्या क्षणी उमगलं, आणि मग ते मनापासून शिकायला बसले.

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात मी परिचारिका होते. निवृत्तीनंतर डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी हा वर्ग घेते. गृहिणी येतात, बँकेतली माणसं येतात, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या मावशी येतात, नातवंडं सांभाळून थकलेल्या आज्या येतात. सगळ्यांची तक्रार एकच: थकवा जात नाही. रविवारी दुपारभर लोळूनही जात नाही. विश्रांती घेता येणं हे एक कसब आहे आणि ते कोणत्याही वयात शिकता येतं, हे मला या लेखात सांगायचं आहे. त्या कसबासाठी आणखी एक गोष्ट लागते. तिच्याविषयी फार कमी बोललं जातं, म्हणून तीही सांगणार आहे.

ताण शरीरात काय करतो

हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भीती, राग, वेदना आणि भूक यांमुळे शरीरात होणारे बदल मांडले. धोका दिसला की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात धडधडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, रक्त पोटाकडून हातापायांकडे वळतं, पचन मंदावतं. लढायला किंवा पळायला शरीर तयार होतं. ही उत्तम व्यवस्था आहे. वॉर्डात एखाद्या रुग्णाचं हृदय थांबलं की आम्ही ज्या वेगाने धावायचो, ते बळ तिथूनच यायचं.

पुढचा भाग मॉन्ट्रियलच्या हान्स सेली यांनी दाखवला. १९३६ साली 'नेचर'मध्ये त्यांची एक छोटी टिपणी आली. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य असा कोणताही त्रास दिला तरी शरीरात तेच तीन बदल दिसत होते: अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. त्रासाचं कारण वेगळं असलं तरी शरीराचं उत्तर एकच होतं. आपण आज ज्या अर्थाने तणाव म्हणतो, त्याच्या अभ्यासाची सुरुवात इथून झाली.

आपल्या आयुष्यातले धोके आता लढून किंवा पळून संपत नाहीत. कर्जाचा हप्ता, दहावीचं वर्ष, सासऱ्यांचं डायलिसिस, साहेबांचा रात्री साडेदहाचा मेसेज. यांपैकी कशापासूनही पळता येत नाही, म्हणून शरीर तयारीतच राहतं. कॉर्टिसॉल हे संप्रेरक नको तेवढा वेळ चढलेलं राहिलं की झोप बिघडते, रक्तातली साखर वाढते, पोटाभोवती चरबी साठते. रक्तदाब वाढायलाही हा ताण हातभार लावतो. डोकेदुखी, मानेचा ताठा, आम्लपित्त, सतत चिडचिड, यांतलं बरंचसं या न उतरलेल्या तयारीचंच रूप असतं.

ही तयारी उतरवणारी दुसरी यंत्रणाही आपल्याजवळ आहे. तिला परानुकंपी चेतासंस्था म्हणतात. मेंदूपासून छाती आणि पोटापर्यंत उतरलेली व्हेगस नस तिची मुख्य वाहिनी. ती जागी झाली की हृदय मंदावतं, तोंडात लाळ सुटते, आतडी काम करू लागतात. माझ्या वर्गात कोणाच्या पोटातून गुडगुड आवाज आला की बाजूचे हसतात. मला मात्र आनंद होतो. त्या माणसाचं शरीर आता खरोखर विसावायला लागलेलं असतं.

केईएममधला शवासनाचा प्रयोग

शवासन काही माझा शोध नव्हे. साधारण पंधराव्या शतकातल्या 'हठयोगप्रदीपिके'त स्वात्मारामाने त्याचं वर्णन केलं आहे: प्रेतासारखं उताणं पडणं, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते. पण या जुन्या सांगण्याला मोजपट्टी लावण्याचं काम महाराष्ट्रात झालं, याचा मला फार अभिमान आहे.

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली. योगाच्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासायचं, आणि जे सापडेल ते 'योगमीमांसा' या त्रैमासिकात छापायचं, असा त्यांचा बाणा होता. गुरूने सांगितलं म्हणून खरं, एवढ्यावर ते थांबले नाहीत.

त्याच परंपरेत पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं. देशमुख, दळवी आणि विनेकर हे त्यांचे सहकारी होते. १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. रुग्णाने रोज अर्धा तास शवासन करायचं, आणि ते नीट जमायला साधारण तीन आठवडे लागत. जे १० रुग्ण कोणतंही औषध घेत नव्हते, त्यांचा सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ वर आला. हा वरच्या आणि खालच्या आकड्यांमधून काढलेला मध्यमान दाब आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. औषध घेणाऱ्यांपैकी अनेकांची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करता आली.

एक प्रश्न मात्र उरत होता. दवाखान्यात वरचेवर येऊन, कोणीतरी लक्ष देतंय म्हणून बरं वाटून रक्तदाब उतरला नसेल कशावरून? त्याचं उत्तर लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी शोधलं. १९७५ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि नॉर्थ यांनी ३४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. एका गटाला शवासनासारखं शिथिलीकरण आणि शरीराचा प्रतिसाद ऐकवणारं यंत्र वापरून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाला नुसती सर्वसाधारण विश्रांती दिली. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचा रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. दुसऱ्या गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. नंतर त्या दुसऱ्या गटालाही तेच प्रशिक्षण दिलं, तेव्हा त्यांचाही दाब पहिल्या गटाइतका उतरला.

रिक्षावाल्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांमध्ये आहे. नुसतं पडून राहून थोडा फरक पडतो. शिकून पडलं की पुष्कळ पडतो.

घरी करायचं कसं

जमिनीवर चटई आणि तिच्यावर जाडसर चादर घाला. गादीवर करू नका, शरीराला झोपेची सवय असते आणि पाच मिनिटांत घोरणं सुरू होतं. मानेखाली टॉवेलची छोटी घडी ठेवा. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेली रजई. डोळ्यांवर सुती रुमाल. पंखा मंद. पाय थोडे फाकवून बाहेरच्या बाजूला कलू द्या, हात शरीरापासून वीतभर दूर, बोटं अर्धवट मिटलेली.

आधी स्नायू. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात एक साधी युक्ती मांडली: स्नायू सैल कसा करायचा हे कळत नसेल तर आधी तो मुद्दाम आवळा आणि मग सोडा. आवळणं आणि सोडणं यांतला फरक जाणवला की सोडणं शिकता येतं. म्हणून पायांची बोटं आवळा, चार-पाच सेकंद धरा, सोडा. मग पोटऱ्या, मांड्या, नितंब, पोट. मुठी घट्ट मिटा आणि उघडा. खांदे कानांकडे ओढा आणि टाकून द्या. शेवटी चेहरा: डोळे घट्ट मिटा, ओठ आवळा, आणि सगळं सोडा. दात एकमेकांपासून सुटे, जीभ तोंडाच्या तळाशी निवांत. जीभ सैल झाली की मनातली बडबड कमी होते, असा माझ्या वर्गातल्या अनेकांचा अनुभव आहे.

मग श्वास. पोट वर येईल असा सावकाश आत, किंचित थांबा, त्याहून सावकाश बाहेर, आणि बाहेर सोडल्यावर थोडं जास्त थांबा. ओढाताण करायची नाही. केईएमच्या प्रयोगात रुग्णांना नाकपुड्यांशी लक्ष ठेवायला सांगत: आत येणारी हवा थंड, बाहेर जाणारी कोमट. मीही तेच सांगते. मन भटकेलच. भटकलं की स्वतःवर न रागावता पुन्हा त्या थंड-कोमटकडे यायचं.

सुरुवात दहा मिनिटांनी करा, हळूहळू वीस-तीसवर न्या. उठताना झटकन उठू नका. कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, थोडं थांबून उभे राहा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष पाळावं, नाहीतर चक्कर येते. गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत उताणं न झोपता डाव्या कुशीवर करावं. डोळे मिटून पडलं की काही जणांची घाबरगुंडी उडते, जुने वाईट प्रसंग वर येतात. अशांनी भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून बसावं आणि नुसता बाहेर जाणारा श्वास लांबवावा. जबरदस्तीची विश्रांती कोणाच्याच कामाची नाही.

श्वासाची लय आणि आपली आवर्तनं

श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि आत घेताना किंचित वाढतात. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घेतलात तर हे स्वतःला जाणवतं. म्हणूनच बाहेर जाणारा श्वास लांबवण्याला इतकं महत्त्व.

इटलीतल्या लुचिआनो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याविषयी सुंदर अभ्यास छापला. २३ निरोगी माणसांना त्यांनी कॅथलिकांची रोझरीची प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्रही. दोन्हींमध्ये श्वासांची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली आणि हृदय व रक्तदाब यांच्या आपोआप होणाऱ्या चढउतारांना एक लय आली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो.

माझ्या वर्गात वसईहून सुनेकडे राहायला आलेल्या एक आजी आहेत, त्या मनात रोझरी म्हणतात. माळकरी घरातल्या मावशी हरिपाठ म्हणतात. बँकेतले एक गृहस्थ कशावरच विश्वास ठेवत नाहीत, ते आकडे मोजतात: चारपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर. मी तिघांनाही सारखंच सांगते की घाई करू नका, ओळ संपेपर्यंत श्वास सावकाश सोडत राहा. ज्याच्या तोंडात जे लहानपणापासून रुळलंय, त्याने त्याच्याच आधाराने श्वास संथ करावा.

हातांची ऊब: रेकी, प्राणिक हीलिंग आणि खरं काय

वर्गात दर काही दिवसांनी हा प्रश्न येतोच: "ताई, रेकी घेऊ का?" हा प्रश्न मी टाळत नाही, कारण विचारणारं माणूस त्रासात असतं.

रेकीचा उगम जपानचा. मिकाओ उसुई यांनी क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर साधना केली आणि १९२२ साली ही पद्धत शिकवायला सुरुवात केली. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी नौदलातले निवृत्त अधिकारी. त्यांच्याकडून हवाईच्या हवायो ताकाता शिकल्या आणि रेकी जपानबाहेर गेली. प्राणिक हीलिंग फिलिपिन्सच्या चोआ कोक सुई यांनी १९८० च्या दशकात मांडलं. त्यात शरीराला स्पर्शही करत नाहीत. नव्वदच्या दशकात या दोन्हींचे वर्ग आपल्याकडे शहरोशहरी निघाले. माझ्या सोबतच्या काही परिचारिकाही शिकल्या होत्या.

हातातून ऊर्जा जाते का, ही गोष्ट तपासता येते आणि ती तपासली गेली आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात डोलोरेस क्रीगर या परिचर्येच्या प्राध्यापिकेने 'थेरप्युटिक टच' नावाची अशीच पद्धत परिचारिकांमध्ये रुजवली. रुग्णाभोवतीचं ऊर्जाक्षेत्र हातांना जाणवतं, असा तिचा पाया होता. एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी त्याची परीक्षा घेतली. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, त्याच्या भोकांतून उपचारकाचे दोन्ही हात पुढे. एमिली नाणं उडवून ठरवायची आणि त्यांपैकी एका हाताच्या वर आपला हात धरायची. कोणता हात, ते उपचारकाने सांगायचं. २१ उपचारक, २८० फेऱ्या, बरोबर उत्तरं १२३, म्हणजे ४४ टक्के. नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी निम्मी बरोबर यायला हवीत. १९९८ साली हा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापला गेला.

मग लोकांना बरं का वाटतं? कारण बरं वाटतं हेही खोटं नाही. याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर परिचारिकांच्याच एका अभ्यासात आहे. अनिता कॅटलिन आणि रेबेका टेलर-फोर्ड यांनी २०११ साली तो प्रसिद्ध केला. केमोथेरपी घेणारे १८९ रुग्ण, तीन गट. एका गटाला प्रशिक्षित व्यक्तीने रेकी दिली. दुसऱ्याला रेकीचं शिक्षण नसलेल्या व्यक्तीने तशाच हालचाली करून नुसता देखावा केला. तिसऱ्याला नेहमीची शुश्रूषा. पहिल्या दोन्ही गटांना आराम आणि समाधान वाटलं, तिसऱ्याला तसा फरक जाणवला नाही. म्हणजे फरक पडला तो एक माणूस शांतपणे, फक्त आपल्यासाठी, शेजारी बसून राहिल्यामुळे.

हे वाचलं तेव्हा वॉर्डातली रात्रपाळी समजली. आमच्याकडे पाळी बदलताना चार्ज द्यायची पद्धत असते. प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सांगायचं: यांचं सलाइन इतक्या वाजता संपेल, यांचा ताप वाढलाय, यांच्याकडे लक्ष ठेव. पुढचीने ऐकून घेतलं, वहीत सही केली, की मगच पहिलीचे खांदे खाली यायचे. चार्ज दिल्याशिवाय कोणी परिचारिका घरी गेली तरी ती मनाने वॉर्डातच असते. आपलं शरीरही असंच वागतं. राखणीला दुसरं कोणी जागं आहे याची खात्री पटल्याशिवाय ते पहारा सोडत नाही. रेकीच्या टेबलावर त्या तासापुरता चार्ज दुसऱ्याने घेतलेला असतो. दार बंद, फोन बंद, कोणी हाक मारणार नाही. काहींना त्या टेबलावर अश्रू येतात ते त्यामुळे.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. विसावा मिळतो म्हणून रेकी घ्यायची असेल आणि खिशाला परवडत असेल, तर घ्या. आजार बरा होईल म्हणून घेऊ नका. कोणी गोळ्या बंद करायला सांगितलं, फोटोवरून दूरस्थ उपचार करते म्हणून हजारो रुपये मागितले, किंवा छातीत दुखत असताना आधी ऊर्जा देऊया म्हटलं, तर तिथून उठा. उच्च रक्तदाब, मधुमेह, कर्करोग हमखास बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने बंदी आहे. हीलरच्या शब्दावर गोळ्या सोडून अर्धांगवायूने आलेले रुग्ण मी स्वतः वॉर्डात सांभाळले आहेत. शवासनाने दाब उतरला तरी गोळी कमी करायचा निर्णय फक्त डॉक्टरांचा. डॉ. दाते यांच्या रुग्णांचीही मात्रा डॉक्टरांनीच कमी केली होती.

उरलेले साडेतेवीस तास

अर्धा तास शवासन करून बाकीचा दिवस शरीराला छळलं तर उपयोग नाही. मी वर्गात चार गोष्टींवर भर देते.

चहा. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या चहाचं निम्मं कॅफिन रात्री अकराला तुमच्या रक्तात असतं. झोप येत नाही म्हणणाऱ्यांनी दुपारच्या चहावर थांबावं.

मिश्री आणि तंबाखू. "मिश्री लावली की डोकं शांत होतं," असं कामाला जाणाऱ्या कितीतरी बायका सांगतात. निकोटिन खरं तर हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवतं. शांत वाटतं ते तलफ भागल्यामुळे, आणि ती तलफ मिश्रीनेच लावलेली असते. दारूचंही तसंच. तिने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते.

मीठ आणि चाल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. पापड, लोणचं, फरसाण, वरून भुरभुरवलेलं मीठ, यांत तो चमचा कधी ओलांडला जातो कळत नाही. आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं थोडा दम लागेल असं चालायलाही ती सांगते. ताणाने रक्तात ओतलेली साखर आणि चरबी वापरली जायला हवी असते, ती चालण्याने वापरली जाते.

झोप. प्रौढांना सात तास तरी हवेत. झोपायची वेळ मागेपुढे झाली तरी उठायची वेळ रोज तीच ठेवा. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावा. गजराला जुनं घड्याळ पुरतं.

आणि दिवसभरात अधूनमधून तो जबडा तपासायचा. लोकलमध्ये दांड्याला लटकून उभं असतानाही दात सुटे करता येतात, खांदे टाकता येतात, तीन श्वास लांब सोडता येतात. त्याला चटई लागत नाही.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगू नये असे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. मराठीत बोलता येतं. हा क्रमांक मी वर्गात सगळ्यांना लिहून घ्यायला लावते.

घरातला चार्ज कोण घेणार

माझ्या वर्गातल्या बायका हॉलमध्ये उत्तम शवासन करतात. घरी का करत नाही विचारलं की उत्तरं येतात: कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, दूधवाला येतो, सासूबाईंना औषध द्यायचं असतं, आडवी झाले की पोरं येऊन विचारतात, "आई, तुला बरं नाही का?" निरोगी बाई दिवसाढवळ्या आडवी झालेली कोणी पाहिलेलीच नसते. तिचं तंत्र चुकत नाही. तिच्याकडून चार्ज घ्यायला घरात कोणी पुढे येत नाही.

आणि हे फक्त बायकांचं नाही. आईवडिलांचं आजारपण एकट्याने निभावणारा मुलगा, एकटीने नातवाला वाढवणारी आजी, रात्रपाळीचा पहारेकरी, यांनाही कोणी सांगितलेलं नसतं की आता तू सोड, मी बघतो.

म्हणून वाचकांकडे माझं कळकळीचं मागणं आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर आपल्या घरात सगळ्यात दमलेलं माणूस कोण, ते पाहा. उद्या कोणत्या वेळी त्याचा चार्ज तुम्ही घेणार ते ठरवा. गॅस, दाराची बेल, फोन, आजीची गोळी, मुलांचा अभ्यास, सगळं विचारून घ्या, म्हणजे त्याला मनात काही धरून ठेवावं लागणार नाही. अर्धा तास खोलीचं दार ओढून घ्या आणि त्या वेळात काहीही विचारायला आत जाऊ नका. ती वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि आठवडाभर पाळा. श्वास, स्नायू, जबडा हे सगळं मी किंवा माझ्यासारखी कोणीही शिकवू शकते. हे एक काम मात्र घरातल्या माणसांनीच करायचं आहे.